जे दाखवलं त्याचीच ऑर्डर आली: ताईच्या वाकळांचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या ताईचं आहे, तिला विचारूनच लिहितेय, नाव तेवढं देत नाही. ताई मिरजेत राहते, एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, दाजी एसटीत, मुलगी कॉलेजात. शिवणकाम हा तिचा छंद, तोही आजचा नाही, लहानपणी आईच्या पायमशीनवर शिकलेली. आणि त्यातही तिचा जीव कशात असेल तर वाकळेत. पुण्याकडं गोधडी म्हणतात तेच हे, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालायचे आणि हातानं धावदोरा घालत जायचं. मशीनवर ती ब्लाउज, परकर, अभ्रे सगळं करते, वाकळ मात्र हातानंच.

मी हे एवढ्यासाठी लिहून काढतेय की आपल्याकडं शिवणाऱ्या, भरतकाम करणाऱ्या, क्रोशा विणणाऱ्या बायका घरोघरी आहेत आणि "माझी कला लोकांपर्यंत पोचवू कशी" असं एखादीनं विचारलं की सल्ला ठरलेला असतो, रोज पोस्ट टाक, रील कर, सातत्य ठेव. ताईनं सातत्य ठेवलं होतं, रोज टाकत होती, आणि त्यातूनच तिचा छंद हातातून जायची वेळ आली होती. सुधारलं ते "काय दाखवायचं" हे ठरवल्यावर.

सुरुवात

आमच्या मामेबहिणीला बाळ झालं तेव्हा ताईनं दुपट्याच्या मापाची छोटी वाकळ शिवून दिली. आईची एक सुती साडी होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली, तिची. बारशाला ती वाकळ या हातातून त्या हातात फिरली आणि जो तो म्हणायला लागला, अगं तू हे विकत का नाहीस. ताईला पण वाटलं बघूया. तिनं व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकलं, "फॉल-पिको, ब्लाउज, ड्रेस, अल्टर, बाळाची गोधडी, सर्व प्रकारचं शिवणकाम करून मिळेल", खाली फोन नंबर आणि दर. जेवढं जास्त लिहू तेवढी जास्त गिऱ्हाइकं, असा तिचा साधा हिशोब, आणि बहुतेक जणी असंच करतात.

ऑर्डरी आल्या, भरपूर आल्या. साड्यांना फॉल लावायचे, लगीनसराईत एकेका घरातून सात-आठ साड्या. दाजींच्या डेपोतल्या लोकांच्या पँटच्या चेनी. जूनमध्ये गणवेशांची उंची सोडून द्यायची. कुणाचं ब्लाउज घट्ट झालं, कुणाचं सैल झालं. शाळेतून आली की चहा पिऊन मशीनवर बसायची ते रात्री साडेअकरापर्यंत, आणि शेजारच्या बायका तर "तुझं मशीन चालूच आहे ना, जाता जाता मार की चार टाके" म्हणून पैसेही द्यायच्या नाहीत. आपल्याकडं बाईच्या शिवणाला कुणी कामच समजत नाही, कला तर फार लांब राहिली, आणि याचा मला मनापासून राग येतो.

वाकळेसाठी त्या सगळ्या काळात एकच बाई विचारायला आली, आठशेत डबलबेडची होईल का म्हणून.

मग हळूहळू असं झालं की ताई स्वतःसाठी मशीनवर बसेनाशी झाली. चिंध्यांची पिशवी कपाटावर गेली. रविवारी दुपारी काही ना काही कापत, जुळवत बसणारी बाई, ती फोन घेऊन पडून राहायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "मशीन दिसली तरी डोकं दुखतं गं." पैसे येत होते, महिन्याला बरे येत होते, पण ज्यासाठी हे सुरू केलं ते वाकळ शिवणं पूर्ण बंद पडलं होतं.

असं का झालं असावं

स्टेटस 24 तासांत निघून जातं आणि बघणारा ते दोन-तीन सेकंद बघतो. त्या दोन सेकंदात त्याला ओळखीचं काय दिसलं? फॉल-पिको. ते प्रत्येक घराला लागतं, त्याचा दर सगळ्यांना तोंडपाठ असतो, त्यामुळे ताईची ओळख झाली ती फॉल-पिकोवाली म्हणून. यादीत पाचव्या नंबरला लिहिलेली गोधडी कुणी वाचली सुद्धा नसेल. आणि रोज रोज तेच टाकल्यामुळे ती ओळख दिवसेंदिवस पक्की होत गेली. मला तरी यातून एवढं स्पष्ट दिसलं की आपण जे दाखवतो त्याचंच काम येतं, म्हणून जे काम नको आहे ते जमत असलं तरी दाखवायचं नाही.

दुसरं कारण दराचं. ताईनं बाळाच्या वाकळेचा दर लावला होता तीनशे, मोठीचा आठशे, कारण बाजारात मशीनची गोधडी तेवढ्यात मिळते. एका रविवारी आम्ही दोघी वही घेऊन बसलो. एका माणसाला पांघरायची वाकळ धरा 60 बाय 90 इंच. ओळीओळीत एक इंच अंतर ठेवलं तर सगळा धावदोरा मिळून 5400 इंच होतो, म्हणजे 137 मीटर. चार थरांतून दाभण घालायचं, ओढायचं, परत घालायचं, ताईचा हात चांगला चालतो तरी तासाला तीन मीटरच्या वर जात नाही. म्हणजे 45 तास. आठशे रुपयांत 45 तास, त्यात दोरा आणि अस्तर तिचंच, तासाला अठरा रुपये पण पडत नव्हते. ताई बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसली. मग तिनं तासाला 80 रुपये धरले, दोरा-अस्तराचे चारशे, आणि मोठ्या वाकळेचा दर चार हजार लिहिला. बाळाची 30 बाय 40 ची, तिला 1200 इंच म्हणजे साधारण 30 मीटर, दहा तास, तिचा दर हजार. वहीत लिहिताना तिचा हात अडखळत होता पण लिहिलं.

त्याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघाली आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ती सगळ्यात महत्त्वाची. नोकरी, स्वयंपाक, घर बघून ताईला रात्री दीड तास मिळतो. 45 तासांची वाकळ म्हणजे बरोबर एक महिना. वर्षाला बारा. फक्त मोठ्या केल्या आणि एक दिवस पण खाडा केला नाही तरी बाराच! म्हणजे तिला वर्षाला बारा माणसं पाहिजेत. ती बारा माणसं मिळवायला दहा हजार फॉलोअर कशाला लागतात, ट्रेंडिंग गाणं कशाला लागतं, दिवसाला तीन पोस्ट कशाला. छंद म्हणून हातानं काम करणाऱ्या प्रत्येकीनं आधी हा हिशोब करावा असं मला फार वाटतं, कारण जाहिरातीचे सगळे सल्ले दुकानदारासाठी असतात, ज्याला जेवढं विकेल तेवढं कमीच.

मग काय बदललं

पहिलं काम, ती यादी काढून टाकली. फॉल-पिकोची सगळी गिऱ्हाइकं गल्लीतल्या एका बाईंकडं पाठवली, त्यांचं घरच शिवणावर चालतं. त्यांना काम मिळालं, ताईला संध्याकाळ मिळाली. नात्यातल्या दोन बायका रुसल्या, त्या रुसल्याच आहेत अजून.

मग दोन-तीन आठवडे ताईनं काहीच टाकलं नाही, फक्त शिवलं. मनात होतं ते, विकायचं म्हणून नाही. आजीची एक इरकल होती, टोपपदराची, अंग गर्द हिरवं आणि पदर लाल. इरकलीचा पदर विणतानाच वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो आणि अंगाच्या ताण्याला फासे अडकवून जोडलेला असतो, तो सांधा बोटाला लागतो बघा. बाकी साडी विरली होती, पदर धड होता. ताईनं तो सांधा बरोबर वाकळेच्या मधोमध घेतला आणि चारी बाजूंनी कडेपासून आत आत ओळी घालत आली. वाकळ अशीच भरायची असते, कडेकडून मध्याकडं, एक हात सारखा कापडावर फिरवत, थरातली हवा आणि चुणी पुढं सरकवत. मध्येच कुठून तरी सुरू केलं की चुणी आत अडकते आणि मग ती उसवल्याशिवाय जात नाही.

त्या पदरावर हात फिरवतानाचा व्हिडिओ तिच्या मुलीनं काढला. चेहरा नाही, गाणं नाही, खिडकीतला उजेड आणि दोरा ओढल्याचा आवाज, अर्ध्या मिनिटाचा असेल. खाली ताईनं लिहिलं, "आजीची इरकल, पदर तेवढा उरलाय, त्याची वाकळ करतेय, विकायची नाही." इन्स्टाग्रामला तिचे तेव्हा जेमतेम दोनशे लोक, त्यातले निम्मे घरचे. त्यावर जे मेसेज आले ते मी वाचलेत. "माझ्या आईच्या साड्या पेटीत पडून आहेत, नेसवत नाहीत आणि टाकवत पण नाहीत." "सासूबाईंचं लुगडं आहे, चालेल का?" "करून द्याल का" विचारणारे बरेच, दर विचारणारं त्यात एकच निघालं. आठशे रुपयांवर घासाघीस करणारी माणसं आणि ही माणसं वेगळीच होती, यांना घरात पडलेल्या साडीचं काहीतरी चांगलं व्हायला हवं होतं, आणि चार हजार ऐकून यातल्या काहींनी लगेच हो म्हटलं, काही गेल्या. ज्या गेल्या त्यांचं ताईला वाईट वाटलं, मला नाही वाटलं.

आता ती दाखवते ते सगळं असंच असतं. चालू असलेलं काम, उलटी बाजू, कारण टाक्याची खरी परीक्षा उलट्या बाजूला होते, कुठला तुकडा कुणाच्या कशाचा, दोन रंग शेजारी ठेवून कुठला घेऊ असा प्रश्न. पूर्ण झालेल्या वाकळेचा फोटो दोरीवर घालून, सकाळच्या उन्हात, घडी घालून प्लास्टिकमधला नाही. घडीतली वाकळ दुकानातल्या रगसारखी दिसते, दोरीवरची पूर्ण चित्रासारखी बघता येते.

यावरून एक गोष्ट. अमेरिकेत अलाबामामध्ये जीज बेंड म्हणून नदीच्या वळणावरचं छोटं गाव आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायका, गुलामगिरीत राबलेल्या माणसांच्या लेकी-नाती, जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, थंडीसाठी. त्याच गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या आणि लोक चित्र बघावं तसे बघायला आले, 2006 मध्ये तर त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली. गोधडी घरात जशी होती तशीच होती, ती भिंतीवर उभी लावली आणि बघायला जागा दिली एवढाच फरक. आणि लांब कशाला, आपल्या शेजारी कर्नाटकात, कारवारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या भागात सिद्दी बायका, म्हणजे पूर्वी आफ्रिकेतून आलेल्या लोकांच्या वंशातल्या, ठिगळांच्या गोधड्या करतात, त्या पण कडेकडून मध्याकडं, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. ताईनं ते बघून आपल्या वाकळेच्या एका कोपऱ्याला तसं एक फूल लावायला सुरुवात केली आणि तिच्या पोस्टमध्ये ती दर वेळी लिहिते की हे सिद्दी बायकांचं बघून शिकले. मला हे तिचं फार आवडतं. आपली कला पुढं आणताना जिच्याकडून घेतलं तिचं नाव घेणं हे पण त्या कलेतच आलं.

अडचणी

सगळं सुरळीत झालं असं नाही. एक रील कशी कोण जाणे खूप फिरली आणि एका रात्रीत शेकड्यानं मेसेज आले. ताईला वाटायचं प्रत्येकाला उत्तर द्यायलाच पाहिजे, ऑफिसात जेवायच्या सुट्टीत पण तेच, रात्रीचा दीड तास सगळा टायपिंगमध्ये, दाभणाला हात नाही. मग मुलीनं युक्ती काढली. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या वरती तीन पोस्ट पिन करून ठेवता येतात, त्यातली एक केली "वाकळ कशी होते, किती वेळ लागतो, दर काय", दुसरी "साडी पाठवण्याआधी काय बघायचं", तिसरी "सध्या यादी कुठपर्यंत भरली". विचारणाऱ्याला एवढंच सांगायचं की वरच्या तीन पोस्ट वाचा आणि मग लिहा. निम्म्याहून जास्त लोक वाचून थांबतात, आणि जे परत लिहितात ते मनापासून लिहितात.

व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट पण ठेवलीय, एका लिस्टमध्ये 256 नंबर बसतात, पण समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच मेसेज पोचतो हे बऱ्याच जणींना माहीत नसतं, आणि मग "मी तर सगळ्यांना पाठवलं, कुणी बोललंच नाही" असं होतं. ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी नंबर सेव्ह करायला सांगते.

खरी वाईट वेळ आली ती एका साडीमुळे. एका बाईंनी आईच्या दोन साड्या पाठवल्या होत्या, एक पांढरी आणि एक लालभडक. शिवून झाल्यावर ताईनं वाकळ पाण्यातून काढली आणि लाल रंग पांढऱ्यावर उतरला. त्या बाईंची आई नुकतीच गेलेली. ताई रात्रभर झोपली नाही. सकाळी स्वतः फोन करून सांगितलं, फोटो पाठवले, पैसे परत देते म्हणाली. त्या बाई थोडा वेळ गप्प होत्या आणि मग म्हणाल्या, राहू द्या, तशीच पाठवा. पैसे पण परत घेतले नाहीत, पण ताईनं त्या दिवसापासून पद्धत घालून घेतली. साडी आली की आधी ओल्या पांढऱ्या रुमालानं कोपरा चोळून बघायचा, रंग लागला तर ती साडी वेगळी धुवायची, तरी सुटत असेल तर पांढऱ्याशेजारी लावायची नाही. कापायच्या आधी साडी पूर्ण उलगडून फोटो पाठवायचा, कुठं कापणार ते खडूनं आखून दाखवायचं आणि "हो, कापा" असं लिहून आल्याशिवाय कात्री लावायची नाही. सिंथेटिक साडी आतल्या थराला घेत नाही, ती सरकते आणि टाका ओढला जातो. जरीचं कापड बाळाच्या वाकळेत अजिबात नाही, टोचतं. अर्धे पैसे आधी. हे सगळं तिच्या दुसऱ्या पिन केलेल्या पोस्टमध्ये आहे, आणि ते वाचूनच अनोळखी माणसं आईची साडी पोस्टानं पाठवायला तयार होतात असं मला वाटतं. एवढी काळजी घेणारी बाई दिसली की विश्वास बसतो.

सांगलीला एका प्रदर्शनात स्टॉल पण लावून बघितला. पहिल्या दिवशी वाकळा टेबलावर मांडून ताई मागं खुर्चीवर बसली, लोक यायचे, हात लावायचे, दर ऐकून "एवढ्याला?" म्हणून पुढं जायचे. दुसऱ्या दिवशी ती खाली सतरंजी टाकून अर्धवट वाकळ घेऊन शिवतच बसली. लहान पोरं येऊन बसली, "मी एक टाका घालू?" म्हणून, त्यांच्या आया थांबल्या, आज्या तर सरळ मांडी घालून बसल्या आणि ताईचे टाके लांब पडतायत म्हणून सांगायला लागल्या. त्या दिवशी दर कुणी विचारला तर ताई म्हणायची, ही ओळ घालायला किती वेळ लागतो बघा, आणि घालून दाखवायची. विक्री फार झाली नाही, तीन छोट्या गेल्या, पण तिथं बसलेल्या दोन आज्यांकडून तिला कडेचा दुमड टाका शिकायला मिळाला आणि चार-पाच बायकांनी "आम्हाला शिकवाल का" म्हणून नंबर दिला. आता महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ताईच्या घरी बायका जमतात, प्रत्येकीनं घरची एक जुनी साडी आणायची, चहा ताईचा. फी थोडीशी आहे. हसणं-बोलणंच जास्त चालतं, पण ज्या शिकायला येतात त्यांना 45 तास म्हणजे काय ते कळतं, आणि चार हजार जास्त आहेत असं त्यांच्यातली कुणी परत म्हणत नाही.

छंद राहिला का

माझ्यासाठी या प्रकरणातला मुख्य प्रश्न हाच होता. ताईनं यासाठी एक नियम केलाय, एक वाकळ ऑर्डरची झाली की पुढची मनाची. मनाची म्हणजे कुणासाठी नाही, दर नाही, तारीख नाही, चिंध्यांच्या पिशवीतून जे हाताला लागेल ते. त्यात ती वाट्टेल ते करते, गेल्या वेळी दाजींच्या जुन्या खाकी शर्टांचे तुकडे आणि खणाच्या चोळ्यांचे उरलेले त्रिकोण एकत्र लावले, मला ऐकून बरं वाटलं नव्हतं, बघितल्यावर मी मागितली, दिली नाही. यामुळे वर्षाच्या बारा वाकळांतल्या सहाच विकायला राहतात, म्हणजे पैसे निम्मे. दाजी सुरुवातीला बोलले यावर. पण गंमत अशी की लोक ज्या पोस्ट बघून येतात त्या बहुतेक या मनाच्या वाकळांच्याच असतात. ऑर्डरच्या वाकळेत गिऱ्हाइकाच्या साड्यांचे रंग, त्यांची आवड सांभाळावी लागते, ताईचा स्वतःचा हात कसा चालतो ते दिसतं ते मनाच्या वाकळेत. म्हणजे जी वाकळ ती विकत नाही तीच तिची जाहिरात झालीय. आणि ती करताना तिला मजा येते ते व्हिडिओत दिसतं, ते काही वेगळं दाखवावं लागत नाही.

सध्या यादी दिवाळीच्या पुढं गेलीय. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका दुकानातून फोन आला, त्या खाकी आणि खणाच्या वाकळेसारख्याच वीस नग पाहिजेत, सगळे एका मापाचे, एका रंगाचे, पैसे रोख. रक्कम ऐकून घरात दोन दिवस तोच विषय. जीज बेंडच्या बाजूच्याच बायकांनी 1966 मध्ये फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली होती, तिला 1972 मध्ये सिअर्स या मोठ्या दुकानांच्या कंपनीची कॉर्डरॉयच्या अभ्र्यांची मोठी ऑर्डर मिळाली, घरात नियमित पैसा आला, पण सगळे नग कंपनीच्या मापानं एकसारखे, स्वतःच्या मनानं तुकडे जुळवायला त्यात जागा नव्हती. मी ताईला हे सांगितलं, आणि हे पण सांगितलं की त्या बायकांना त्या पैशाची फार गरज होती, त्यांनी घेतली ते बरोबरच केलं. ताई म्हणाली, "मला तेवढी गरज नाही, आणि वीस एकसारख्या केल्या तर एकविसावी मी करणार नाही." तिनं दुकानाला कळवलंय की वर्षभरात तीन देईन, तिन्ही वेगळ्या असतील, रंग मी ठरवणार, आणि प्रत्येकीवर कुठल्या कापडाची आहे ते लिहिलेली चिठ्ठी शिवलेली असेल, ती काढायची नाही. दुकानाचं उत्तर अजून आलेलं नाही. चिठ्ठीचं कापड मात्र तिनं कापून ठेवलंय.